शून्य कुठं धरायचं

डोंगरकडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली
१२ जानेवारी २००५

करुणा,

जय भीम. अक्षर ओळखलं असशील. फाडायच्या आधी खालचे दोन प्रश्न तेवढे वाच. मशीनचे हायेत, दुसरं काही न्हाई त्यात.

वर्कशॉपात एक लहान सीएनसी लेथ आणली, कॉम्प्युटरवर चालणारी. टेबलावर बसते एवढीच, शिलाई मशीनपरीस थोडी लांब. नांदेडला एक खाजगी टेक्निकल संस्था बंद पडली, तिथं पोरांना शिकवायला ठेवलेली होती. भंगारवाल्या धर्मसिंगनं सगळं सामान उचललं. मी जुन्या बेअरिंगा बघायला त्याच्याकडं गेलो, तर म्हणला, "ग्यानोबाभाऊ, इसको तोडने को दिल नहीं होता. तुम ले जाव." टेंपोत घालून आणली. संगं एक जुना कॉम्प्युटर, तीन फ्लॉप्या आणि वाळवीनं कोपरे खाल्लेलं एक इंग्रजी पुस्तक.

मी सातवी पास माणूस. अठ्ठावीस वर्षं हातलेथवर काढली. पंपाचे शाफ्ट, बुश, रसवंतीचे रूळ, सगळं चाकाच्या मुठीवर आणि कानावर. ह्या मशीनला मूठच न्हाई. मुठीच्या जागी बटणं हायेत, आणि बटणांवर इंग्रजी.

प्रश्न पहिला. चालू केल्यावर सगळ्यात आधी काय दाबायचं?

प्रश्न दुसरा. पुस्तकात 'होम' आणि 'झिरो' हे शब्द घडीघडी येतात. शून्य कुठं धरायचं? मशीनच्या कोपऱ्याला, का कापायच्या जॉबच्या तोंडाला?

वाळूजच्या कंपनीत तू अशाच मशीनवर असते हे मला कळलंय. तुझ्या आईनं सांगितलं न्हाई, तिला बोल लावू नको. पत्ता बालवाडीच्या ज्योतीताईकडून मागून घेतला. तुझी पत्रं आईला त्याच वाचून दाखवतात हे गावात कुणाला ठाऊक न्हाई.

पत्ता घातलेलं कार्ड संगं टाकलंय. दोन ओळी लिहिल्या तरी चालंल.

ग्यानोबा खिल्लारे


डोंगरकडा
२ फेब्रुवारी २००५

करुणा,

कार्ड मिळालं. नऊ ओळी. वर ना माझं नाव, ना खाली तुझं. सरळ 'एक' पासून सुरू.

तू लिहिलं तसं केलं. टेबल पाणसळ लावून सपाट केलं, एका पायाखाली पत्र्याचा तुकडा घालावा लागला. अर्थिंगसाठी शेजारच्या जळबानं मागच्या अंगाला खड्डा खणून दिला, मीठ-कोळसा घालून. जळबा आठवतो ना? मोटारी रिवाइंड करतो तो. खणता खणता मला म्हणला, "ग्यानोबादा, हे खेळणं कोणासाठी आणलं?" म्हणलो, फवारणी पंपाचे पितळी नोझल करतो आता. केळीवाल्यांना लागतात. त्यानं मान हालवली, पण त्याला पटलं न्हाई.

तिसरी ओळ तू अशी लिहिली: 'चालू केल्यावर दोन्ही आस होमला पाठवा. त्याशिवाय कशालाही हात लावू नका.' तसं केलं. बटण दाबलं आणि हत्याराचं गाडं आपल्या मनानं सरकत कोपऱ्यात जाऊन उभं राहिलं. कोणी मूठ फिरवली न्हाई अन् लोखंड चाललं. मी दोन पावलं मागं सरलो. ह्या वयात मशीनला भ्यालो, हे तुलाच सांगतो.

शून्याचं समजलं. मशीनचं शून्य एक, ते हालत न्हाई. जॉबचं दुसरं, ते दर टायमाला हत्यार टेकवून नवं धरायचं. आमच्या हातलेथला आमी खडूची रेघ मारत होतो, तसंच म्हणायचं.

'पहिला महिना एक हात लाल बटणावर ठेवा', हे तू दोनदा लिहिलं. ठेवून राहिलो.

तकलीफ लाईटीची. रोज आठ-आठ तास जाते. मधीच गेली की मशीन आपली जागा विसरते. त्याला काय करायचं? लाईट आल्यावर पुढून चालू करता येतं, का पुन्हा पहिल्यापासून?

आई बरी हाय.

ग्यानोबा खिल्लारे


डोंगरकडा
१ मार्च २००५

करुणा,

मागच्या पत्रानंतर तुझी आणखी दोन कार्डं आली. पहिल्यात लिहिलं, लाईट गेली की पुन्हा होम, पुन्हा पहिल्यापासून, मधून उचलायचं न्हाई. त्याबद्दल काही विचारायचं न्हाई.

दुसऱ्या कार्डाचं सांगतो. मागच्या पत्रानंतर तीन दिवसांनी मी नायलॉनचा दांडा लावला होता, पंचवीस व्यासाचा. वीसचा करायचा होता. मध्यापासून दहा, म्हणून कॉम्प्युटरात एक्स अक्षरापुढं दहा लिहिलं. हत्यार थांबलंच न्हाई. आत घुसलं, दांडा वाकला, टोक तुटून माझ्या कानाजवळून गेलं. तुला घाईघाईत दोन ओळी टाकल्या होत्या. तुझं उत्तर आठ दिवसांत आलं: 'एक्सला पूर्ण व्यास लिहायचा. निम्मा नाही. चष्मा घालून उभे राहा, समोर नाही, बाजूला.'

त्याच्याखाली आणखी एक ओळ होती. तू ती खोडली. दोनदा आडवी पेन फिरवली. मी कार्ड दारात उन्हाला धरलं. 'लागलं का कुठं' असं होतं.

लागलं न्हाई.

त्या खोडलेल्या ओळीमुळं आज खरं लिहून राहिलो. नोझल करायला मशीन आणली हे खोटं हाय. नोझल बाजारात ढिगानं मिळतात.

मागच्या दिवाळीनंतर औरंगाबादला गेलो होतो, एका गिअरबॉक्सच्या सामानासाठी. सामान घेतलं आणि वाळूजच्या बसमधी चढलो. तुझ्या कंपनीच्या गेटासमोर चहाचा गाडा हाय, तिथं उभा राहिलो. तीन वाजता पाळी सुटली. निळ्या कपड्यात तू बाहेर आली, दोघी बाया संगं होत्या, आणि तू हसून राहिली होती. गेटावरच्या माणसाला विचारलं, ती मधली कुठं काम करते? तो म्हणला, "खिल्लारे मॅडम? सीएनसीला. नव्या पोरांना त्याच शिकवतात."

हाक मारली न्हाई. कोणत्या तोंडानं मारू? तू रिक्षात बसून गेली, मी माघारी आलो. पुढं महिन्याभरानं धर्मसिंगच्या गोदामात ती मशीन दिसली. वाटलं, माझी पोरगी दिवसभर हातानं काय करते ते आपल्या हाताला कळलं पाहिजे. एवढंच कारण.

आणखी एक. मागं 'आई बरी हाय' लिहिलं ते अंदाजानं लिहिलं. ती माझ्याशी बोलत न्हाई. सहावं वरीस लागलं. भाकर करते, ताट ठेवते, कपडे धुते. बोलत न्हाई. एकाच घरात राहतो, पण तिचं दुखतं-खुपतं मला ज्योतीताईकडून कळतं. दर बुद्धपौर्णिमेला बहिणीकडं जाते म्हणून पिशवी भरते, तवा ती तुझ्याकडंच येते हे मला माहीत हाय. मी बसस्टँडपर्यंत मागं चालतो, अंतर ठेवून. ती बसते, गाडी हालते, मी वर्कशॉपला येतो.

'तुझा बाबा' असं खाली लिहायला हात धजत न्हाई, म्हणून पूर्ण नाव लिहितो.

ग्यानोबा खिल्लारे


डोंगरकडा
१४ एप्रिल २००५

करुणा,

तुझं कार्ड: 'नायलॉन जमलं की ॲल्युमिनियम घ्या. फीड, म्हणजे हत्याराची चाल, निम्मी ठेवा. कंपनीच्या गेटवर पुन्हा येऊ नका.'

येणार न्हाई.

ॲल्युमिनियम जमलं. काल सकाळी लाईट होती तेवढ्यात एक बुश पूर्ण केला. आकडे चुकले न्हाईत. एकदा आकड्यात दशांशाचा बिंदू द्यायचा राहिला होता, पण आधी मशीन मोकळी चालवून बघायची हे तू सांगितलं होतं, म्हणून जॉब लावायच्या आधीच कळलं. मायक्रोमीटर लावला, बराबर. माझ्या हातानं एवढं बराबर कधी आलं न्हाई, केसभर इकडंतिकडं व्हायचंच. खुशी झाली, पण ती दाखवायला कोणी नव्हतं. जळबाला दाखवला. त्यानं बोटात घालून बघितला आणि म्हणला, "अंगठी व्हय का?"

आज जयंती. गावात निळे झेंडे लागले, पोरं सकाळपासून ढोल घेऊन हायेत. मला अजूनही मिरवणुकीत पुढं चालायला बोलावतात. पाच मिनिटं चाललो आणि गुडघ्याचं नाव सांगून माघारी आलो. आता वर्कशॉपात बसून लिहून राहिलो.

त्र्याण्णव साल सारखं डोळ्यापुढं येतं. तू पंधराची होती. दहावीची परीक्षा झाली आणि सुट्टीत लेथवर उभी राहायला लागली. मी हौसेनं शिकवलं. हत्यार घासायला तू चार दिवसांत शिकली, मला चार महिने लागले होते. हट्टा गावच्या व्यंकटरावांच्या पंपाचा पितळी बुश तू एकटीनं काढला, कानशीसुद्धा लावावी लागली न्हाई, हातानं दाबला अन् बसला. व्यंकटरावांनी हसत हसत विचारलं, "काय ग्यानोबा, पोरीच्या हातचा बसवायचा का आमच्या पंपाला?" बसवला त्यांनी. तो माणूस वाईट बोलला न्हाई. पण ते मला लागलं. मग आपल्याच वस्तीतले एकदोघं म्हणले, पोरगी मोठी झाली, रोडवरचं दुकान, ट्रकवाले थांबतात.

उद्यापासून घरात, असं मी तुला म्हणलो. तू म्हणली, "काहून? माझं काय चुकलं?" मी लेथ चालू केली. त्यानंतर महिनाभर तू कॉलेजच्या पिशवीसकट शटरजवळ येऊन उभी राहायची. आत यायची न्हाई. आवाज ऐकायची आणि जायची. मी पाठ करून काम करायचो.

त्याच वर्षी जयंतीला स्टेजवर मी भाषण दिलं होतं, मुलींना शिकवा म्हणून. लई टाळ्या पडल्या.

तू बारावी केली, मी पुढं शिकू दिलं न्हाई. अठ्ठ्याण्णवला लगीन करून दिलं. नोकरीवाला मुलगा, हदगावकडचं गाव, घर पक्कं. एवढंच बघितलं.

तुला विचारायचं काही न्हाई आज. मशीन बराबर चालून राहिली.

ग्यानोबा


डोंगरकडा
१२ जून २००५

करुणा,

दोन महिने कार्ड न्हाई. मी रागवायचा माणूस न्हाई आता. तू लिहू नको, मी लिहितो. ह्यात मशीनचं काहीच न्हाई, आधीच सांगतो. नको असलं तर इथंच थांब.

नव्व्याण्णवचा ऑगस्ट. हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता, मी सकाळी दुकानाच्या पाटीवर 'जि. परभणी' खोडून 'जि. हिंगोली' रंगवून राहिलो होतो. वारंग्याकडून गाडी आली आणि तू उतरली. हातात एक पिशवी. सातवा महिना लागला होता. तू चालत आली ती घराकडं न्हाई, वर्कशॉपकडं आली. मी ब्रश हातात घेऊन उभा.

तुझी आई तुला आत घेऊन गेली. घटकाभरानं मला बोलावलं आणि तुझी पाठ दाखवली. मी बघितली. हे आजपर्यंत मी कोणाजवळ कबूल केलं न्हाई. सगळ्यांना सांगत आलो, मला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. पट्ट्याचे वळ होते, जुने आणि नवे. तीन मी मोजले, पुढं मोजवलं न्हाई.

आई म्हणली, "पोरगी आता जाणार न्हाई."

मी म्हणलो, "पहिलं बाळंतपण माहेरी करू, पण आज अशी न्हाई. रुसून आलेली पोरगी ठेवून घेतली तर परत नेणार न्हाईत. मी पोचवतो, समजावून सांगतो, आणि महिन्यानं रीतीनं घेऊन येतो."

 सकाळी मी तुझी पिशवी उचलली तवा तू म्हणली, "बाबा, मला वर्कशॉपात राहू द्या. मी घरात येत न्हाई. कोणाला दिसणार न्हाई मी. तिथं कोपऱ्यात राहीन."

हे वाक्य मला पाठ हाय. तू विसरली असशील, मी विसरलो न्हाई.

मी म्हणलो, "चल, गाडी जाईल."

वारंगा फाट्यावर गाडी बदलली. तू खिडकीशी बसली. तुझ्या सासऱ्यानं चहा दिला, मी पिलो. जावयाला म्हणलो, "समजून घ्या, लहान हाय अजून." तो म्हणला, "व्हय बाबा, काळजी करू नका." मी दारातून निघालो तवा तू आतल्या खोलीत होती. मी हाक मारून निरोपसुद्धा घेतला न्हाई. पाचची गाडी धरायची होती.

आठ दिवसांनी निरोप आला, नांदेडच्या दवाखान्यात हाय म्हणून. तुझी आई पुढं गेली. मला ताप आला होता असं मी सगळ्यांना सांगितलं. ताप नव्हता. मी दुसऱ्या गाडीनं नांदेडला आलो होतो. मोसंबी घेतली. दवाखान्याच्या समोर रस्त्यापलीकडं दोन तास बसलो. गेटातून आत गेलो न्हाई. लेकरू गेल्याचं तिथंच कळलं, गावाकडचा एक जण बाहेर येऊन सांगून राहिला होता. मोसंबी एका म्हातारीला दिली आणि माघारी आलो.

मग बैठक. तुझ्या सासरच्या गावी समाजमंदिरात. तू भिंतीला टेकून बसली होती, आई तुझ्याजवळ. मोठ्या माणसांनी मला विचारलं, "ग्यानोबा, तुमी पोरीचे बाप. तुमच्यासमोर सांगा. मारहाण झाली का?"

मी म्हणलो, "न्हाई. हापशावर पाय घसरला तिचा."

काहून म्हणलो, हे मी सहा वर्षं स्वतःला विचारून राहिलो. आधी सांगायचो, संसार जुळावा म्हणून. ते खरं न्हाई. मारलं म्हणलो असतो तर पुढचा प्रश्न आला असता: मंग आठ दिवसांआधी तिला इथं कोणी आणून सोडलं? त्या एका प्रश्नाला भिऊन मी खोटं बोललो.

तुझी आई उठली, तुझा हात धरला आणि बाहेर पडली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली न्हाई. तू तिसऱ्या दिवशी औरंगाबादला मैत्रिणीकडं गेली. मी अडवलं न्हाई, बोलावलं न्हाई, आणि लोकांना सांगितलं की पोरगी रागीट हाय.

रागीट तू नव्हती.

माफी मागायला हे लिहिलं न्हाई. माफी मागितली की द्यायचं का न्हाई हे ओझं तुझ्यावर येतं. बैठकीत जे बोलायचं होतं ते आज लिहून दिलं. हे पत्र तू कोणालाही दाखव, कोर्टातबी दाखव. खाली सही करतो.

ग्यानोबा नामदेव खिल्लारे


डोंगरकडा
२१ जुलै २००५

करुणा,

तू येऊन गेल्याला दहा दिवस झाले. इथं जे झालं त्यातलं अर्धं तू बघितलं. उरलेलं तुला कळावं म्हणून लिहितो.

आईला कावीळ झाली तेव्हा मला कळायला उशीर झाला. तिनं सांगितलं न्हाई, आणि मी डोळ्यांकडं बघितलं न्हाई, कारण ती समोर असली की मी खाली बघतो. जूनच्या शेवटाला ज्योतीताईनं मला वर्कशॉपात येऊन सांगितलं, "दादा, ताई पिवळ्या पडल्यात, तुमाला दिसत न्हाई का?" हिंगोलीला नेलं, मग नांदेडला. डॉक्टर म्हणले, लिव्हर गेलं. घरी आणली.

तीन दिवस मी उशाशी बसलो. ती भिंतीकडं तोंड करून होती. पाणी मागायची ते ज्योतीताईला. मी गिलास भरून ज्योतीताईच्या हातात द्यायचो, ताई तिला पाजायच्या. मी दिलेलं पाणी हाय हे तिला कळत होतं का, ठाऊक न्हाई. ७ तारखेला सकाळी गेली. मला एक शब्द बोलली न्हाई. ज्योतीताईला बोलली होती, "करुणाला फोन करा, पण घाई करू नको म्हणा, पाऊस हाय." बस.

तू आली. ज्योतीताईकडं उतरली, आपल्या घरात पाय ठेवला न्हाई. पुण्यानुमोदनाला बायांच्या मधी बसली, माझ्याकडं बघितलं न्हाई. ते बराबर हाय, मी त्याबद्दल लिहीत न्हाई.

चौथ्या दिवशी मी वर्कशॉपच्या पायरीवर बसलो होतो. तू समोर उभी राहिली आणि म्हणली, "चावी."

सहा वर्षांत माझ्याशी बोललेला तुझा पहिला शब्द. मी कमरेची चावी काढून दिली. तू आत गेली आणि शटर अर्धं खाली ओढलं. मी बाहेर बसून राहिलो, जळबा येऊन माझ्याजवळ बसला. 

आतून आवाज यायचा. पाना पडल्याचा. मशीन होमला गेल्याचा, तो मला आता ओळखू येतो. मग थांबायचा. मग पेनानं लिहितानाची शांतता. मग पुन्हा मशीन. लाईट त्या दिवशी चार तास टिकली.

तू बाहेर आली तवा हात कोपरापर्यंत काळे. बाहेरच्या टाकीवर धुतले, आई धुवायची तसे, आधी मनगट मग बोटं. जळबाला म्हणली, "पट्टा सैल होता, आवळला. स्क्रूला घाण बसली होती. वही टेबलावर हाय, त्यांना म्हणावं क्रमानं करा, पुढं पळू नका." मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो आणि तू जळबाला सांगून राहिली होती.

नांदेडची गाडी आली, तू गेली. माझं जूनचं पत्र तुला मिळालं का न्हाई, तू बोलली न्हाई. मीबी विचारलं न्हाई.

वही उघडली. शंभर पानी, शाळेची. तू मराठीत लिहिलंय सगळं. पान पहिलं: 'मशीन चालू करण्याआधी.' चित्रं काढलीत. हत्याराची, बाणांची, बटणांची. इंग्रजी शब्दांखाली मराठी अक्षरं. नव्या पोरांना असंच शिकवते का?

क्रमानं करतो. रोज एक पान. पुढं पळत न्हाई.

ग्यानोबा


डोंगरकडा
१९ ऑगस्ट २००५

करुणा,

वहीची बावीस पानं झाली. मधी पाच-सहा दिवस लाईटच नव्हती. आटे पाडायचं पान तीनदा करावं लागलं. बावीसावं पान स्वच्छतेचं, ते काल केलं. मशीन पुसली, रुळांना तेल लावलं, झाकून ठेवली. तुझी शेवटची ओळ तिथं हाय, 'आठवड्यातून एकदा.' पुढं सगळी पानं कोरी. वही मिटून फळीवर ठेवायला गेलो.

मिटताना मागचा पुठ्ठा उलटला. पुठ्ठ्याच्या आतल्या अंगाला पेन्सिलनं लिहिलेलं होतं. तू लिहिलेलं तुलाच पुन्हा लिहून दाखवतो, कारण मी ते बराबर वाचलं हे तुला कळलं पाहिजे.

'बाबा, पत्र मिळालं. तुम्ही त्यात "लेकरू गेलं" असं लिहिलं आहे. सगळे असंच म्हणतात. ती मुलगी होती. मेलेली जन्मली नाही. एक दिवस आणि एक रात्र जगली. आईनं तिला कापसात गुंडाळून छातीशी धरलं होतं. तुम्ही मोसंबी घेऊन रस्त्यापलीकडं बसला होता असं लिहिलं, तेव्हा तिला जाऊन तासभरसुद्धा झाला नसेल. तिचं नाव ठेवलं होतं मी. दवाखान्यात, सासरी, बैठकीत, कुणीही विचारलं नाही. ते नाव तुम्हाला सांगायचं की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही.'

करुणा, मी पुठ्ठा धरून वर्कशॉपात उभा राहिलो.   सहा वर्षं मी तुझ्या पाठीबद्दल रडलो, बैठकीबद्दल रडलो, आईच्या मुकेपणाबद्दल रडलो. तिच्यासाठी एकदाबी न्हाई. ती होती हेच मला ठाऊक नव्हतं. मी ठाऊक करून घेतलं न्हाई. आईला ठाऊक होतं, तिनं हातात धरली होती, आणि ती त्याच घरात माझ्यासमोर ताट ठेवत राहिली. एकदा जरी मी विचारलं असतं, केशर, काय झालं होतं गं दवाखान्यात, तर कदाचित ती बोलली असती. मी वाट बघत राहिलो तिनं आधी बोलावं म्हणून.

नाव सांगू नको. तुझं ठरंल तवा सांग, न्हाई ठरलं तर राहू दे. त्याच्यावर माझा हक्क न्हाई.

वर्कशॉप तुला देतो, ये, असं लिहायचं फार दिवसांपासून मनात होतं. आज ते लिहीत न्हाई. तू तिथं कोपऱ्यात राहू द्या म्हणली होती तवा दिलं न्हाई, आता देऊन काय.

आजपर्यंत तुला सात पत्रं लिहिली. बटणाचं विचारलं, लाईटीचं विचारलं, शून्य कुठं धरायचं ते विचारलं. आज एकच विचारतो. कार्ड संगं टाकलंय, पत्ता घातलेला हाय. उत्तर दिलंच पाहिजे असं न्हाई.

ती दिसायला कशी होती?